हातभर पाइप

संत्र्याच्या गाड्या सुरू झाल्या की माझी चिडचिड सुरू होते.

मी सौसरला राहते आणि पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवते, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ बस. दिवाळी उलटली की या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुटारावर, म्हणजे वाळक्या भुसकटावर, संत्र्यांचे ढीग पडतात. डोक्याला रुमाल बांधून बाया निवडत बसलेल्या असतात, कॅरेट भरून घेणारे ट्रक अर्धे रस्त्यावर आणि अर्धे शेतात उभे असतात. मंगळवारी-शनिवारी त्यात जामसांवलीला दर्शनाला निघालेल्या गाड्यांची भर. बस रांगत राहते आणि खिडकीतून सालीचा तो आंबटगोड वास आत येऊन बसतो. नागपूरचे पाहुणे या वासानं हरखतात. तुमच्याकडची थंडी म्हणजे सुख, म्हणतात. मी मान हलवते. मला त्या वासात लाकडाचा भुसा येतो, ओला सरस येतो. तीन हिवाळ्यांमागे आमच्या पडवीत एक सुतार बावीस दिवस बसला होता. त्या बावीस दिवसांत त्यानं एक पेटी केली आणि दोन कॅरेट संत्री संपवली. संत्री नीट सोलून खाल्ली. पेटी चुकीची केली.

पेटी म्हणजे सबवूफर. सिनेमातला पूल कोसळतो त्याचा आवाज, दूरवरच्या ढगांची घरघर, गाण्यातला सगळ्यात खालचा, जमिनीलगतचा सूर, हे टीव्हीच्या बोटाएवढ्या स्पीकरातून येऊच शकत नाही. त्याला मोठा स्पीकर लागतो आणि त्या स्पीकरला मापात बसणारी लाकडी पेटी लागते. विकत मिळते, हे मला माहीत होतं. सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाइलवर चार-पाच दाखवल्याही होत्या. पण मला ती करायची होती. कोणी विचारलं की मी काहीतरी कारण सांगायचे. मुलगी नागपूरला होस्टेलवर गेली, तिची खोली रिकामी झाली, तिथं मोठा टीव्ही लावला, आता आवाजही चांगला हवा, वगैरे. खरं कारण असं की अठरा वर्षं मी अकरावीला ध्वनीचा धडा शिकवत होते. फळ्यावर लाटा काढत होते. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून हिंदीतून ‘आवृत्ति’ आणि ‘तरंगदैर्घ्य’ म्हणत होते, आणि या अठरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं एकही वाजणारी वस्तू केली नव्हती. एकदा वर्गात सांगितलं की सेकंदाला पंचवीस कंपनांच्या आवाजाची एक लाट पावणेचौदा मीटर लांब असते. घरी येऊन टेप लावून पाहिलं तर आमचं घर फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत जेमतेम तेवढंच भरलं. अख्ख्या घराएवढी एक लाट. ती मला माझ्या घरात हवी होती.

चिडचिड पहिल्या दिवसापासून सुरू झाली. नागपूरला स्पीकर आणायला गेलो तर दुकानदारानं माझ्या खांद्यावरून सुनीलकडे पाहून विचारलं, “भाऊ, कोणत्या गाडीत बसवता?”

“गाडीत नाही, घरात,” मी म्हटलं.

“घरात एवढा मोठा कायले लागते भाऊ?” त्यानं परत सुनीललाच विचारलं.

मी म्हटलं, या बारा इंची स्पीकरचा कागद द्या, त्यावर याचे आकडे असतात, त्याशिवाय पेटीचं माप काढता येत नाही. तर तो सुनीलला म्हणाला, “मॅडमले सांगा न, कागदाचं काय करता, मी वाजवूनच दाखवतो.” सुनील बिचारा उभा होता. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं आणि सगळे प्रश्न त्यालाच येत होते. शेवटी तो कागद चहाच्या ट्रेखाली सापडला, त्यावर दोन पेल्यांचे गोल डाग पडलेले. त्या डागांमधून आकडे वाचत मी चार रविवार वहीत गणितं केली. पेटीच्या आत किती हवा मावली पाहिजे, आतून आधार कुठं द्यायचे, आणि पाइप किती लांब.

त्या पाइपाबद्दल थोडं सांगायला हवं. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘हूं’ असा आवाज येतो. बाटलीची मान लांब असेल तर तो सूर आणखी खाली जातो. माझ्या पेटीला समोरून, स्पीकरच्या खाली, एक गोल भोक होतं आणि त्या भोकाला आतल्या बाजूनं नळाचा चार इंची पाइप बसायचा होता. तीच पेटीची मान. माझ्या गणितानं ती साडेशेचाळीस सेंटीमीटर निघाली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात ठेवला तर बरोबर तेवढं. मी हार्डवेअरच्या दुकानातून पाइप मापात कापून आणला, गजाननच्या समोर ठेवला, आणि आलेखाच्या कागदावर लाल पेनानं लिहिलं, ‘पाइप कापू नये.’

गजानन आमचा सुतार. चांगला कारागीर. गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची आहेत आणि एकही दार पावसाळ्यात अडकत नाही. पण मी कागद दाखवायला लागले की तो तो कागद घेऊन, उलटा-सुलटा करून, सुनीलच्या हातात द्यायचा. “साहेब, हे पेटी उभी का आडवी?” सुनील म्हणायचा, मॅडमला विचार. गजानन मान डोलवायचा, माझ्याकडे एकदा पाहायचा, आणि पुढचा प्रश्न परत सुनीललाच. सुनीलची कचेरी सौसरलाच, दुपारी तो जेवायला घरी यायचा. मी मात्र सकाळी आठला बाहेर पडले की संध्याकाळी सहाला परत. म्हणजे दिवसभर माझी पेटी माझ्याशिवाय घडत होती.

आणि घरात बाबा होते.

बाबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आधी एक, मग दुसरा, आणि तो महिना-दीड महिना त्यांनी माझ्याकडे काढायचं ठरलं होतं. काळा गॉगल लावून ते पडवीतल्या खाटेवर बसायचे, दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे, आणि उरलेल्या वेळात बोलायचे. वाचता येत नाही, टीव्ही पाहायचा नाही, मग माणूस करणार काय. आरीचा आवाज आला की म्हणायचे, “दात बोथट झाले.” गजाननला ते ऐकून हसू यायचं, मग तो आरी बदलायचा, कारण बाबांचं खरं असायचं. बाबांचे कान हा आमच्या घराण्यातला एकमेव दागिना आहे.

माझ्या माहेरी, रामाकोन्याला, बाबांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. चार भोंगे, दोन ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्डवाला डबा, पुढं टेप. लग्न, बारसं, जयंती, भागवत, निवडणूक, ज्यानं बोलावलं त्याच्या दारी बाबा बैलबंडीत भोंगे टाकून जायचे. मांडवात आवाज घुमायला लागला की डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहायचे आणि मग सांगायचे, तिसरा भोंगा बोटभर फिरवा. घुमणं थांबायचं. माझा धाकटा भाऊ अनिल त्यांच्याबरोबर जायचा. मी विचारलं की म्हणायचे, मांडवात पोरीचं काय काम. तुटलेल्या वायरी, बंद पडलेले माइक घरी यायचे. अनिलला सोल्डरिंगचा धूर सोसायचा नाही, म्हणून ते मी उघडायचे, जोडायचे आणि पुसून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी अनिल ते मांडवात घेऊन जायचा.

मग डीजेच्या गाड्या आल्या. ट्रकभर पेट्या, छातीवर बुक्के मारणारा आवाज. एका लग्नात बाबांचे भोंगे बांधून झाले होते, तेवढ्यात नवरदेवाकडची डीजेची गाडी आली आणि कोणीतरी येऊन म्हणालं, काका, हे उतरवून घ्या, आता गरज नाही. बाबांनी चारही भोंगे एकट्यानं उतरवले. त्यानंतर त्यांना बोलावणं येईनासं झालं. अनिल बोरगावला कंपनीत लागला, आणि भोंगे भंगारात गेले. तेव्हापासून बाबांना खालच्या आवाजाचा राग. “छाती धडधडते त्याले गाणं म्हणतात का?” एवढंच म्हणायचे, पण दरवेळी म्हणायचे.

आणि आता त्यांचीच पोरगी तीच छाती धडधडवणारी पेटी घरात करून राहिली होती. मी त्यांना नीट सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला वाटलं, मी चाळीस ओलांडलेली बाई आहे, माझ्या घरात काय करायचं ते मी ठरवीन. आता बसमध्ये बसल्यावर वाटतं, तेव्हा पाच मिनिटं त्यांच्या खाटेवर बसले असते तर किती डोकेदुखी वाचली असती. पण तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते, भाजी चिरत होते, आणि गजाननच्या टाकलेल्या साली पडवीतून गोळा करत होते.

सुट्टीच्या एका बुधवारी पेटी पूर्ण झाली. सरस सुकला, स्क्रू बसले, मी स्पीकर जोडला, ॲम्प्लिफायर लावला, आणि दुपारी सगळ्यांना खोलीत बोलावलं. बटण दाबल्यावर जे झालं त्यानं गजानन खूश झाला. खिडकीची काच थरथरली, कपाटावरचा डबा सरकला.

“मस्त वाजून राहिला न साहेब,” तो म्हणाला. “पूर्ण गल्ली हालली.”

सुनीलही खूश होता. “झालं की तुझं,” तो म्हणाला.

माझं झालं नव्हतं. मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं की हे चुकतंय. सगळे आवाज एकाच जागी येऊन आपटत होते. पूल कोसळला तरी धम, दार आपटलं तरी धम, ढग गरजले तरी धम. आणि बाबा मागून म्हणाले, “हे तर त्या गाडीवालं वाजते. एकाच जागी उड्या मारून राहिलं.”

मला इतका राग आला. एकतर ते बरोबर बोलत होते, आणि दुसरं म्हणजे ते रागापोटी बोलत आहेत असं मला वाटलं. मी म्हटलं, “तुम्हाला हे आवडणारच नाही, बाबा.” ते काठी टेकत परत पडवीत गेले.

पुढचे दहा दिवस आठवले की आजही दात आवळले जातात. मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. वीस कंपनांपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवून आकडे वहीत लिहिले. जिथं आवाज यायला हवा तिथं स्पीकरचा पडदा नुसता फडफडायचा आणि आवाज पाण्यासारखा पातळ. आणि पन्नासच्या आसपास एकदम उसळी. आलेखावर ती उसळी उंटाच्या पाठीसारखी दिसायची. मी गणित पुन्हा केलं. पुन्हा तेच उत्तर. स्पीकरच्या वायरी उलटसुलट करून पाहिल्या. पेटी तीन कोपऱ्यांत ओढून पाहिली. त्यात माझी कंबर धरली आणि फरशीवर चरे पडले. सांध्यांमधून हवा गळते का म्हणून उदबत्ती फिरवली. कुठं धूर हलला नाही. गजाननचा सांधा होता, कसा गळेल.

त्याला बोलावलं. तो आला, कट्ट्यावर बसला, संत्रं सोललं, पेटीवर दोनदा बोटं वाजवली. “एकदम फिट आहे साहेब,” असं तो रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाला, कारण सुनील तेव्हा आत अंघोळ करत होता.

त्या दहा दिवसांत मी वर्गातही चिडकी झाले होते. सहामाहीची परीक्षा तोंडावर, पोरं अनुनादाचे प्रश्न विचारायची, आणि मी फळ्यावर उत्तर लिहिताना मनात म्हणायचे, अगं, तुझ्याच घरातला अनुनाद तुला सापडत नाही आणि तू कोणाला शिकवतेस. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाया मुलांची लग्नं ठरवायच्या, आणि मी खिडकीबाहेर संत्र्यांच्या ढिगांकडे पाहत उंटाच्या पाठीचा विचार करायचे.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पेटीसमोर जमिनीवर बसून तोच तो सूर वाजवत होते. बाबा आत आले. गॉगल अजून होताच. माझ्या शेजारी खाली बसायला त्यांना वेळ लागला. बसले. काही न विचारता त्यांनी तळहात पाइपाच्या तोंडासमोर धरला.

“हवा फसफस करून राहिली,” ते म्हणाले. “याचा गळा आखूड हाय.”

“नाही बाबा. मी मोजून दिलाय.”

“किती?”

“हातभर.”

त्यांनी पाइपाच्या तोंडात हात घातला. त्यांचा हात आता काठीसारखा बारीक झालाय, आरामात गेला. मनगटही आत गेलं नसेल तेवढ्यात त्यांची बोटं आतल्या बाजूला वळलेली मला त्यांच्या दंडावरून कळली. पाइप संपला होता. मग हात बाहेर काढून त्यांनी चार बोटं माझ्यासमोर धरली.

“एवढा हाय,” ते म्हणाले.

दहा दिवस मी आलेख काढत होते, आणि एकदाही आत हात घालून पाहिला नव्हता. हा राग कोणावर काढायचा?

गजानन मिळाला. फोन केला, पंधरा मिनिटांत आला. सुनीलही पेपर ठेवून उठला.

“पाइप का कापला?” मी विचारलं. “लाल पेनानं लिहिलं होतं, कापू नये.”

“मॅडम, तो मांगच्या पाटीपर्यंत जाऊन राहिला होता. इतका लांब पाइप कायले लागते, आतमध्ये कोणाले दिसते? मी साहेबाले विचारलो.”

मी सुनीलकडे वळले. तो म्हणाला, “मी फक्त एवढं म्हटलं, तुला जे बरोबर वाटतं ते कर. तो सुतार आहे, त्याला कळतं.”

“आणि मला?”

सुनीलचा चेहरा खरंच पडला होता. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं, आणि त्यामुळेच मला आणखी चीड येत होती. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

“उरलेला तुकडा कुठे आहे?”

“तो आमच्या मोरीले लावला मॅडम,” गजानन म्हणाला. “एकदम बरोबर बसला.”

तेवढ्यात बाबा जमिनीवरूनच बोलले. “त्याले नको बोलू. साहेबालेही नको. मी सांगतलं होतं.”

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

“हे दोघं बोलून राहिले होते पाइपाचं. मी खाटेवर होतो. मी म्हटलं, काप. एवढ्या पाइपानं अजून घुमन. मले वाटलं, कमी घुमलं तर बरं.” मग म्हणाले, “तुले विचारायचं नाही सुचलं.”

मग माझं जे सुटलं ते पाइपाचं नव्हतंच. मी म्हटलं, तुम्हाला कधीच नाही सुचलं. वायरी मी जोडायच्या, माइक मी उघडायचे, आणि मांडवात अनिल. मला एकदाही भोंग्याच्या खांबाजवळ उभं केलं नाही तुम्ही. आता माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या पेटीला, तिघं पुरुष मिळून ठरवता आणि माझ्या हाती येतो तो कापलेला पाइप. मी बरंच बोलले. गजानन हळूच चपला घालून निघून गेला. सुनील स्वयंपाकघरात जाऊन चहा करत बसला, जो कोणी प्यायला नाही. बाबा सगळं ऐकून घेऊन उठले. उठताना त्यांना आधार लागतो. त्यांनी माझ्या खांद्याचा घेतला नाही, पेटीचा घेतला.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी थेंबांपुरतं बोललो. “वर पाहा.” “झालं.” थेंब घालताना त्यांचा चेहरा माझ्या दोन हातांत असायचा. घरात जी शांतता होती ती फार मोठी होती, तिला मोजायला माझ्याकडे ॲप नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी बसमधून उतरून घरी आले तर बाबा फाटकाशी उभे. म्हणाले, “पाइप आणला का?”

“नाही.”

“मंग कवा आणशीन? दुकान बंद होते.”

मी तशीच परत गेले, पाइप आणला. पेटीचा मागचा पाट सुनीलनं आणि मी मिळून उघडला. सुनीलनं त्या दिवशी एकही सल्ला दिला नाही, फक्त “कुठं धरू?” असं विचारत राहिला, आणि मला तो फार चांगला वाटला. पाइप मी कापला. आरी कशी धरायची ते बाबांनी सांगितलं नाही, पण आवाज ऐकून एकदा “तिरपी चालली” म्हणाले, आणि ती तिरपी चालली होती.

रविवारी लावलं. उंटाची पाठ सपाट झाली होती. पूल कोसळला तेव्हा आवाज आला नाही, आधी पायाखालची फरशी जड झाली, मग आवाज आला. मी सिनेमा बंद केला आणि काय लावावं म्हणून शोधायला लागले. बाबांनी एका जुन्या गाण्याचं नाव सांगितलं. वरात मांडवात शिरताना ते हेच गाणं लावायचे, प्रत्येक लग्नात, इतकं की रेकॉर्डच्या तीन ताटल्या झिजल्या होत्या. ते लावलं.

गाणं सुरू झालं. बाबा मान हलवत होते, पुढची ओळ यायच्या आधी ओठ हलत होते. पहिलं कडवं संपायला आलं आणि त्यांची मान थांबली.

“हे कोण वाजवून राहिलं?” ते म्हणाले.

“काय?”

“हे खाली. कोणतरी चालत जाऊन राहिलं. एक-एक पायरी उतरून राहिलं.”

मी ऐकलं. गाण्याच्या तळाशी कोणीतरी मोठ्या तारांचं वाद्य वाजवत होतं. सावकाश, प्रत्येक ओळीखाली चार-चार सूर, वर जाऊन परत खाली येणारे. भोंग्यातून ते कधी आलंच नसणार. भोंग्याचं तोंड केवढंही मोठं असलं तरी तो तेवढ्या खालचं बोलू शकत नाही.

“हे आधीपासून होतं?”

“आधीपासूनच असणार बाबा. रेकॉर्डमध्येच आहे.”

त्यांनी ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्यांदा गॉगल काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं, मी रागावले, त्यांनी ऐकलं नाही. उघड्या, पाणावलेल्या डोळ्यांनी पेटीकडे पाहत म्हणाले, “इतके वर्ष वाजवलं मी हे. हा माणूस दरवेळी मांडवात होता, आन कोणाले त्याचा पत्ता नाही.”

पाणी थेंबांचं होतं की कशाचं, हे मी ठरवायला गेले नाही.

याचा अर्थ असा नाही की त्यानंतर ते बदलले. संक्रांतीनंतर रामाकोन्याला गेले आणि जाताना म्हणून गेले की आवाज थोडा कमी ठेवत जा, शेजाऱ्यांना पण घर आहे. गजानन अजून सुनीललाच ‘साहेब’ म्हणून मापं विचारतो. मागच्या महिन्यात खिडकी करायला आला होता. मी कागद हातात दिला, त्यानं तो उलटा धरला. चिडचिड ही काही संपणारी गोष्ट नाही. हंगामासारखी ती फिरून येते आणि आपण दरवेळी नव्यानं वैतागतो.

पण या वर्षी, ढीग पडायला लागले त्याच आठवड्यात, बाबांचा फोन आला. रामाकोन्यात विहाराचा नवा हॉल झालाय. उंच छत, गुळगुळीत भिंती, आणि माइकवर कोणी बोललं की शब्द एकमेकांत मिसळून नुसता गलका. कमिटीचे लोक जुना माणूस म्हणून बाबांकडे गेले होते.

“रविवारी ये,” बाबा फोनवर म्हणाले. “मापाचा टेप घेऊन येजो.”

मी गेले. हॉलमध्ये कमिटीची आठ-दहा माणसं. एकानं विचारलं, “काका, बॉक्स कुठं लावायचे?” बाबा खुर्चीत बसलेले होते, काठीवर हात ठेवून. म्हणाले, “मले काय विचारता. ते पाहून राहिली न.”

मी मापं घेतली, चार ठिकाणी टाळ्या वाजवून घुमणं मोजलं, आणि सांगितलं की दोन मोठ्या बॉक्सऐवजी चार छोटे, खाली, लोकांच्या जवळ लावा आणि मागच्या भिंतीला जाड पडदा टाका. बाबा म्हणाले, खाली नाही, वर. मी म्हटलं, खाली. ते म्हणाले, तुला मांडवातलं काय माहीत. मी म्हटलं, हा मांडव नाही, पक्का हॉल आहे. अर्धा तास आम्ही भांडलो. माणसं इकडून तिकडे माना वळवत होती. शेवटी मी पदर खोचून स्वतःच शिडीवर चढले आणि पहिला बॉक्स मला हवा तिथं टांगायला लागले.

“अशी धरतात का वायर?” बाबा खालून ओरडले. अख्खा हॉल घुमला. “ताण पडून राहिला तिच्यावर. डोळे कुठी आहेत तुझे? गाठ मार आधी. किती वेळा सांगू?”

आठ-दहा माणसांसमोर. मी वीस-एकवीस वर्षं नोकरी केलेली मास्तरीण, शिडीच्या सहाव्या पायरीवर, हातात वायर. कान गरम झाले. मग लक्षात आलं की ही ओरड मी याआधी कधी ऐकली नव्हती. अनिल रात्री जेवताना सांगायचा, आज बाबा सगळ्यांसमोर असे ओरडले, तसे ओरडले, आणि मी त्याच्याकडे पाहत बसायचे. आज पहिल्यांदा ती मला मिळाली होती.

“मारते गाठ,” मी वरून म्हटलं. “पण बॉक्स इथंच राहीन.”

“राहू दे मंग,” बाबा म्हणाले. “पण नीट बांध. पडला तर तुझं नाव जाईन.”